काचेवरचं कुंकू

देवरुखात दिगंबरनं सायबर कॅफे काढला, तेव्हा लोक विचारायचे, "इंटरनेट घेऊन आम्ही करायचं काय?" शेवटी त्यानं दुकान विकायचं ठरवलं. त्याच भाऊबीजेला इंदूताई निरांजनाचं तबक घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ मस्कतला असतो. यात दिसेल म्हणतात."

दिसला. इंदूताईंनी थेट पडद्यावरच त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

"अहो ताई, मॉनिटर आहे तो."

"मग टिळा काय भिंतीला लावू?"

दुसऱ्या दिवशी सगळी आळी लोटली. दिगंबरनं तो ठिपका पुसलाच नाही. पुढं कित्येक वर्षं त्या पडद्यासमोरच्या खुर्चीतून दुबईच्या, लंडनच्या पोरांना एकच हुकूम सुटायचा, "जरा खाली सरक, कुंकू कपाळावर येऊ दे."

आता फोन खिशाखिशात आहेत. कॅफे कधीच बंद झाला. परवा दिगंबरची लेक कॅनडाला गेली. तिचा पहिला व्हिडिओ कॉल आला, तेव्हा दिगंबर कुंकवाचा करंडा हातात धरून फोनच्या लख्ख काचेकडे नुसता बघत राहिला. लेक हसेल, म्हणून बोट पुढं होईना.

कॅफेच्या गल्ल्याजवळ वाढलेली लेक आपणहून थोडी खाली सरकली.

"लावा, बाबा."