दुसरा टेक
संगीत नाटकं बसवता बसवता टीव्ही मालिकांची दिग्दर्शिका झालेली शिरीन वीस वर्षांनी आपल्या नंदुरबार जिल्ह्यात चित्रीकरणाला आली. मुलाच्या प्रेतापाशी आई गाते, या दृश्यासाठी तिने सातपुड्यातल्या, मर्तिकाची गाणी गाणाऱ्या कालीबाईला आणलं. कालीबाई चादरीखालच्या नटापाशी बसली आणि अशी गायली, की सगळं युनिट रडलं. तेवढ्यात एकाचा मोबाइल वाजला. "पुन्हा एकदा गा," शिरीन म्हणाली. कालीबाईने डोळे पुसले. "मन्हा पोऱ्या गुजरातमा ऊस तोडाले गया, तठेच मरना. लोकेसनी तठेच जाळं त्याले. मले रडाले भेटनं नही. आज रडनू. आते गाणं निंघत नही." शिरीन तिच्याशेजारी मातीत बसली. चित्रीकरणाच्या चार दिवसांत तिने कालीबाईला काहीच विचारलं नव्हतं. "त्यानं नाव काय व्हतं?" आता तिने अहिराणीत विचारलं. "आते कसाले, बाई?" म्हणत कालीबाई उठली आणि शहाद्याच्या बसकडे निघाली.