आखाजीची कंबर

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय तृतीया, तोंडावर आली, की ज्या सुनेला सासू झोके घ्यायला माहेरी धाडत नसे, तिची कंबर हमखास धरायची. धुळ्याच्या त्या सूतगिरणीच्या आरोग्य योजनेत कामगारांच्या घरच्यांना दवाखान्यात भरती करायची मंजुरी सुनंदा सिस्टरच्या हातात होती. असल्या कमरा त्या दारातूनच परत पाठवायच्या.

कोकिळाही कण्हत आली, सोबत सासू झुंबरबाई. सिस्टरनी पाठ दाबून पाहिली. दुखणं पाठीत नव्हतंच, ते चोपड्याला माहेरच्या झोक्यात अडकलं होतं.

"भरती मिळायची नाही," सिस्टर करड्या आवाजात म्हणाल्या. कोकिळाचे डोळे भरले. "पण आठ दिवस हिने वाकायचं नाही, पाणी भरायचं नाही. हातात ताट द्यायला, पाय चेपायला माणूस लागेल. झुंबरबाई, तुम्ही आहातच घरात."

झुंबरबाई चपापल्या. "मी कसाले करू? तिनी माय शे ना. उद्याच धाडी देस तिले."

दुसऱ्या दिवशी कोकिळा हसतच चोपड्याच्या गाडीत चढली. पाहते तर खिडकीशी, मांडीवर गच्च भरलेली पिशवी घेऊन सुनंदा सिस्टर बसलेल्या.

"सिस्टर, तुम्हीन? तुमले काय व्हयनं?"

सिस्टरनी आधी मागेपुढे कुणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं, मग तिला बसायला जागा करून देत हळूच म्हणाल्या,

"कंबर."