सातव्या भागातला कंदील

गुहा धुंडाळणाऱ्या त्या कंदीलवाल्या नायकाचा आठवा सिनेमा निघावा की नाही, यावर राजाजीनगरात रघुनंदनच्या घरी चाहत्यांची जुनी चौकडी हमरीतुमरीवर आली होती. "नायक म्हातारा झाला, नवा आणा," प्राणेश म्हणाला. "त्यापेक्षा बंदच करा की!" वसुमती कडाडली. वादिराज दोघांनाही "स्वल्प हळू, जरा हळू" म्हणत होता. रघुनंदनला या वादाचाच शीण आला होता. प्रत्येक भाग पहिल्या दिवशी एकत्र बघायचा, हा त्यांचा शिरस्ता. सातव्याला मात्र "आपापला बघून घेऊ" असं ठरलं होतं. नायकाच्या हातात असतो तसाच, हौसेनं आणलेला कंदील टीपॉयवर होता. त्यावरची धूळ पुसत रघुनंदननं विचारलं, "सातव्यात शेवटी कंदील कुणाकडे जातो?" प्राणेश कॉफीच्या पेल्यात बघत बसला. "अण्णा, नाही बघितला कुणी. परीक्षा कसली घेता?" वसुमती पुटपुटली. रघुनंदन ओशाळला. त्यानंही तो बघितला नव्हता, त्याला खरंच ठाऊक नव्हतं.