अकोल्याचा मसाला

श्यामने गोळ्यांचं रिकामं पाकीट झेंडूच्या वाफ्यात फेकलं, वाकून शोधलं आणि पुन्हा फेकलं. पहिल्या वेळी त्याचा चेहरा सावलीत आला होता.

"गोळी बंद म्हणजे बंद," तो स्टँडवरच्या मोबाइलकडे पाहून म्हणाला. "डोक्याच्या डॉक्टरले दुरूनच रामराम. मी बरा झालो तो आईच्या आंबिलीनं अन् अकोल्याच्या मसाल्यानं."

मोबाइल बंद झाला तशा पार्बताबाई बांधावरून उठल्या. त्या अकोल्याच्या जुन्या शहरातून एसटीने अमरावतीला आणि तिथून ऑटोने वलगावला आल्या होत्या. ऑटोच्या मागेही 'गोळी बंद' लिहिलेलं होतं, श्यामच्या फोटोसकट.

"बाबू, माह्या रोहितनं तुह्यं ऐकून गोळ्या सोडल्या," त्या म्हणाल्या. "रात्र-रात्र झोपून नाही राहिला. पंख्यावर माणूस बसला म्हणते. काल त्या माणसाले ताट वाढाले लावलं."

"वाढलं?"

"वाढलं. काय करू."

"आंबील देली का त्याले?"

"देली. आमच्याकडं दुकानादुकानात 'असली श्याम मसाला' भेटते. दोन-तीन दुकानांचा टाकून पाहिला. रोहितले जुलाब झाले. पंख्यावरचा काही उतरला नाही."

श्यामने वाफ्यातलं पाकीट उचलून त्याच्यावरची माती झटकली.

"तू एकदा बोल," पार्बताबाई म्हणाल्या. "एवढंच म्हण, रोहित, गोळी घे. तो माह्यं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. तुह्यं ऐकते. असाच राहिला तं एखाद्या दिवशी तो माणूस त्याले वर बोलावन."

श्यामने पाकीट मुठीत आवळलं. "मावशी, लोक मले या एकाच गोष्टीसाठी ओळखतात. उद्या मीच घे म्हटलं, तं मी कोण उरलो?"

"फुलवाला," पार्बताबाई म्हणाल्या. "चांगला धंदा हाय."

श्याम हसला नाही. तेवढ्यात त्याची आई, मैनाबाई, आंबिलीचा ग्लास घेऊन आली.

"मसाला टाकला ना?" त्याने विचारलं.

"टाकला."

"इसरली तं नाही?"

"नाही रे बाबा."

त्याने डोळे मिटून ग्लास एका दमात संपवला आणि तोंड पुसलं. "मावशी, आईकडून रीत लिहून घ्या. माह्याकडून तेवढंच होते. आई, उद्याच्या व्हिडिओले एक रिकामं पाकीट काढून ठेव. हे चेंदलं."

"ठेवतो," मैनाबाई म्हणाली.

स्वयंपाकघरात तिने पार्बताबाईंना पाटावर बसवलं. "रोहितचा डॉक्टर कोणता?"

"इथलाच, अमरावतीचा. अकोल्यात दाखवलं तं सारी गल्ली इचारते."

"बराबर हाय. म्हणूनच मी अकोल्याले जातो."

"मसाल्यासाठी ना?"

मैनाबाईने दार लोटलं. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि गोळ्यांचं भरलेलं पाकीट काढून खलबत्त्याशेजारी ठेवलं.

पार्बताबाईंनी पाकिटाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"बारीक कुटाची," मैनाबाई हळू आवाजात म्हणाली. "पण आधी तुमच्या डॉक्टरले इचारा, काही गोळ्या कुटत नसतात. मी इचारूनच करतो. आंबील कोमट झाली की टाकाची. अन् लसूण मूठभर. नाही तं कडू लागते."

"अन् पोराले समजलं तं?"

"त्या दिवशी संपलं. एक थेंब घेणार नाही. लय जिद्दी हाय माहा श्याम. म्हणून तं हा लसूण."

पार्बताबाईंनी मान हलवली. लसणाची एक गड्डी मैनाबाईने त्यांच्या पिशवीत घातली.

श्यामने त्यांना मोटरसायकलवर थांब्यापर्यंत सोडलं. एसटी येताना दिसली तेव्हा तो म्हणाला, "रीत सांगितली आईनं?"

"सांगितली."

"पुरी?"

पार्बताबाईंनी पदर सारखा केला. "आंबिलीची रीत ती. तिच्यात काय अर्धं न् पुरं."

कंडक्टरने श्यामला ओळखलं. "काय श्यामभाऊ, गोळी बंद?"

"बंद म्हणजे बंद," श्याम म्हणाला. गाडीतल्या दोघा-तिघांनी मोबाइल वर केले, त्यांना त्याने हात दाखवला.

पार्बताबाई खिडकीशी बसल्या. श्यामने पिशवी उचलून आत दिली, तिच्यातली लसणाची गड्डी पाहिली आणि ती काढून आपल्या खिशात घातली.

"रोहितले लसूण टाकू नका, मावशी," तो खिडकीशी वाकून म्हणाला. "त्याच्यापेक्षा कडू गोळी परवडली."