खुर्चीची ऊब

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

धाकटी यानात खुर्च्या बसवायची. तिची ताई आणि आणखी दोघं वर अंतराळात अडकली होती, कारण त्यांचं यानच बिघडलं होतं. म्हणून त्यांना आणायला हे दुसरं यान रिकामंच पाठवलं. दार लावताना तिन्ही खुर्च्यांचे पट्टे धाकटीनं स्वतः मोकळे सोडले होते.

दोन दिवसांनी यान पोचलं. ताई आत शिरली. खाली पृथ्वीवर धाकटी रेडिओपाशी कानात प्राण आणून बसलेली.

"माझ्या खुर्चीचा पट्टा आधीच लावलेला आहे गं," ताईचा आवाज झोपलेल्या बाळाशेजारी होतो तसा हळू झाला. "इथे गारठा आहे, पण खुर्चीला ऊब आहे. जणू कुणी माझ्यासाठी जागा धरलीय."

"ताई, आत कुणी आहे का?"

"कुणी नाही."

बरं, एक कबूल करते. ते 'कुणी नाही' मी पदरचं घातलं. ताई अगदी अदबीनं म्हणाली होती, "जरा उठता का?"