कचरा नावाचं टेबल

डायलिसिस विभागातून ऋजुताला तिसऱ्यांदा फोन आला. किडनीची वाट पाहणाऱ्या चारशे बारा पेशंटची यादी हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये कुठेच दिसत नव्हती.

डेटाबेसमधल्या टेबलांच्या, म्हणजे माहितीच्या तक्त्यांच्या, नावांना शिस्त लावायचं काम गेल्या आठवड्यात तिच्याकडे आलं होतं. नाव वाचताच आत काय आहे ते कळलं पाहिजे, हा नियम तिनेच केला होता. सकाळी त्याच नियमाच्या भरात तिने 'कचरा' नावाचं टेबल उघडूनही न बघता पुसून टाकलं होतं.

निवृत्तीला आलेले कचरू आहेर शेजारी येऊन बसले. वीस वर्षांपूर्वी ही सगळी टेबलं त्यांनीच उभी केली होती.

"यादी कचऱ्यातच होती," ते म्हणाले. "माझ्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. मग आईने मला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि कचरू नाव ठेवलं. अशा नावाला कुणाची नजर लागत नाही, पोरी. म्हणून जे जिवापाड जपायचं, त्याला मी असंच नाव देतो."

"पण सर, मी ते पुसलंय."

"घाबरू नकोस. त्याची नक्कल रोज दुसऱ्या टेबलात उतरते. 'उकिरडा' उघड."

सकाळी सगळ्यात आधी ऋजुताने तेच टेबल पुसलं होतं.