आधी ह्यांना

दोन हजार सात साली आमच्या शिवहारनं आम्हा नवराबायकोला पुण्यातल्या एका महागड्या जपानी हॉटेलात नेलं. आचारी समोरच उभा राहून भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाची चकती ठेवत होता. पहिला घास त्यानं माझ्यापुढे ठेवला.

"आधी ह्यांना द्या," मी सवयीनं म्हणाले.

"माय, ज्याच्यापुढं ठेवला त्यानं लगेच खायचा. थांबलं की चव जाते," शिवहार म्हणाला.

मी खाल्ला. लग्न झाल्यापासून मी सगळ्यांच्या मागून गार भाकर खात आले होते.

शिरड शहापूरला परतल्यावर तव्यावरची पहिली भाकर मी माझ्याच ताटात घेतली.

"काहून गं? मी इथं बसून राहिलो न्हं!" हे ओरडले.



"बसा. माझं जेवण झालं की तुमची थापते."